माग काढणाऱ्यांचं नाव कुठे आहे?

संपादक महोदय,

हत्तींच्या उपग्रह-संशोधनावरचा कालच्या अंकातला लेख वाचला. या विषयाला एवढी जागा दिलीत, त्याबद्दल आभार. पण त्यातलं ‘आता जंगलातला प्रत्येक हत्ती अवकाशातून क्षणोक्षणी दिसणार’ हे वाक्य धादांत चुकीचं आहे. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रातला सगळ्यात बारीक ठिपका म्हणजे जमिनीवरचा १० बाय १० मीटरचा चौकोन, आणि त्याच जागेचं पुढचं चित्र मिळतं साधारण ५ दिवसांनी. त्यात गवत कुठे हिरवं झालं, पाणी कुठे आटलं, झाडी कुठे तुटली हे कळतं. हत्ती दिसत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या ॲडो उद्यानात उपग्रहचित्रांवरून हत्ती ओळखले हे खरं, पण त्या चित्रांतला ठिपका सुमारे ३१ सेंटिमीटरचा होता. आणि दाट झाडीखाली उभा असलेला हत्ती त्यांतही सापडायचा नाही.

हत्ती कुठून कुठे गेला, हे सांगतो त्याच्या गळ्यातला जीपीएसचा पट्टा. तुमच्या लेखात ‘पट्टे बसवण्यात आले’ एवढ्यावर ते उरकलं आहे. भूल दिलेला हत्ती छातीवर बसला, तर स्वतःच्याच वजनाने त्याचा श्वास कोंडतो. त्याला ताबडतोब कुशीवर लोटावं लागतं. सोंडेचं टोक काटकी लावून उघडं ठेवायचं, कान डोळ्यावर दुमडायचा, अंगावर पाणी ओतत राहायचं. हे सगळं माणसं करतात, आणि हत्तीपर्यंत त्यांना माग काढणाराच नेतो. त्याच्याबद्दल लेखात एक अक्षर नाही.

मी एका प्रकल्पात उपग्रहचित्रांवरून पाणवठ्यांचे नकाशे करत असे. ढगाची सावली चित्रात पाण्यासारखीच काळी दिसते, आणि संगणकाने अशा कितीतरी सावल्या पाणवठे म्हणून धरल्या होत्या. आमच्याबरोबर माग काढणारे एक वयस्कर गृहस्थ होते. नकाशा समोर येताच ते एकेका डागावर बोट ठेवत गेले: “इथे खडक आहे. इथेही पाणी नसतं. हत्ती इथे थांबतच नाहीत, खालच्या अंगाने जातात.” पट्ट्यांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तर वाट खरोखर खालच्या अंगाने होती. तेवढा भाग पुन्हा केला. छापील अहवालात उपग्रहाचं नाव आलं, सॉफ्टवेअरचं आलं, प्रकल्पप्रमुखांचं आलं. या माणसाचं नाव आभारातसुद्धा नाही! मी लेखी विचारलं, तर उत्तर आलं, ‘ते रोजंदारीवर होते.’ तो राग अजून गेलेला नाही. काल तुमचा लेख वाचून पुन्हा उसळला.

आणखी एक. लेखासोबतच्या नकाशात कळपांच्या ताज्या जागा ठिपक्यांनी दाखवल्या आहेत. सुळ्यांसाठी हत्ती मारणाऱ्यांना याहून जास्त काय हवं? अशा जागा प्रसिद्ध करायच्याच असतील, तर जुन्या झाल्यावर आणि ढोबळ करूनच करायच्या असतात. तुमच्या संकेतस्थळावर तो नकाशा अजून आहे आणि हवा तितका मोठा करून पाहता येतो. कृपा करून आजच्या आज काढून टाका.

आपला,
एक वाचक