नोंदवहीतल्या एका सहीबद्दल

आदरणीय सर,

सविनय नमस्कार.

आपल्या शाळेतली बी.एड.ची आंतरवासिता (प्रत्यक्ष वर्गात शिकवण्याचा सराव) संपवून महाविद्यालयात परतल्यापासून आपल्याला पत्र लिहायचे मनात होते. परंतु लिहायला बसले की शब्द कोरडे होत आणि मनातले कागदावर उतरत नसे. निरोपाच्या दिवशी मला बोलायला उभे केले, तेव्हा कंठ दाटून आला आणि ‘सर्वांचे आभार’ एवढेच म्हणून मी खाली बसले. ते आभार सर्वांचे होते. आपले वेगळे मानायचे राहून गेले. ते मी चारचौघांसमोर मानते आहे, कारण आपण जे केलेत ते शिक्षक होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला आणि आम्हाला घडवण्याची जबाबदारी असलेल्या संस्थांनाही कळले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

वर्गात तंत्रज्ञान कसे वापरावे, हा माझ्या बी.एड.च्या काळात सर्वांत जास्त लिहिलेला आणि सर्वांत कमी पाहिलेला विषय आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीने हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला, शाळेतील आंतरवासितेला २० आठवडे दिले आणि माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाच्या चिकित्सक आकलनासाठी स्वतंत्र भाग ठेवला. तरतूद उत्तम आहे. आमच्या वाट्याला मात्र प्रोजेक्टरचे फायदे-तोटे वहीत उतरवून घेणे आले, आणि प्रात्यक्षिकाच्या गुणांसाठी स्लाइड तयार करून त्यांच्या छापील प्रती फाइलला जोडणे आले. त्या स्लाइड कोणत्याही वर्गात, एकाही मुलासमोर लागल्या नाहीत. फाइल तपासली गेली, शेरा मिळाला, विषय संपला.

आपल्याकडे येण्यापूर्वी आम्हाला ज्या शाळेत पाठवले होते, तिचे नाव मी घेत नाही. तिथे भिंतीवर मोठा संवादी फलक (स्पर्शाने चालणारा डिजिटल फळा) होता आणि त्यावर फुलाफुलांच्या कापडाचे आच्छादन होते. पाहुणे येणार असले की ते निघायचे, पाहुणे गेले की पुन्हा चढायचे. टॅब लोखंडी कपाटात होते आणि कपाटाच्या दारावर ‘छात्राध्यापकांनी हात लावू नये’ असा कागद चिकटवलेला होता. एकदा साफसफाईसाठी ते कपाट उघडले गेले, तेव्हा काही टॅबची पाठ फुगून उचकटलेली मी पाहिली. लिथियमची बॅटरी महिनोन्‌महिने चार्ज न करता पडून राहिली की पूर्ण उतरते, मग चार्ज धरत नाही आणि कधी कधी फुगते. मुलांच्या हातून खराब होऊ नयेत म्हणून जपलेल्या त्या वस्तू मुलांच्या हाती न जाताच संपल्या होत्या. आम्हाला ऑफ तासाला वर्ग सांभाळायला आणि ऑनलाइन माहिती भरायला बोलावले जाई, पण विज्ञानाच्या पाठासाठी प्रोजेक्टर मिळेल का असे विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, “तुम्ही चार दिवसांत निघून जाल. बिघडला तर निस्तरायचं कोणी?” या वाक्याने मी फार दुखावले होते. शिक्षक म्हणून उभे राहण्याआधीच आपण परके आहोत, हे कोणी स्पष्ट सांगावे, तसे ते होते.

त्यानंतर मी आपल्या शाळेत आले. अकोले तालुक्याचा डोंगराकडचा भाग, पावसात दिवस-दिवस गायब होणारी वीज, आणि मोबाइलची रेंज धरायची तर हापशाजवळच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे. अशा ठिकाणी तंत्रज्ञानाचा विषय काढणेही मला अवघड वाटत होते. आपणच विचारलेत, “कोणता घटक घ्यायचाय, मॅडम?” मी आठवीचा ‘धाराविद्युत आणि चुंबकत्व’ सांगितला. आपण कपाट उघडलेत, लॅपटॉप आणि प्रोजेक्टर टेबलावर ठेवलात आणि मग एक लांबट नोंदवही काढलीत.

सर, त्या नोंदवहीबद्दलच मला मुख्यतः लिहायचे आहे. शाळेतली प्रत्येक वस्तू जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढलेली असते, पदभार देताना ती मोजून द्यावी लागते, कमी भरली तर खुलासा करावा लागतो आणि प्रसंगी पदरचे पैसेही भरावे लागतात, हे आता मला माहीत आहे. कपाटांना कुलपे पडतात ती बहुतेक वेळा या धास्तीने, आणि ही धास्ती खोटी नाही. आपण मात्र त्यावर उपाय म्हणून देवघेवीची एक साधी वही घातली होतीत. तिच्यात रकाने आखलेले होते: वस्तू, दिनांक, कोणाकडे, जबाबदार. ‘कोणाकडे’ या रकान्यात आपण माझे नाव लिहिलेत. ‘जबाबदार’ या रकान्यात माझी सही घ्याल असे वाटून मी पेन उघडले होते. तोवर आपण तिथे स्वतःची सही करून वही माझ्यासमोर फिरवलीत, मी नीट वाचावे म्हणून. मग जुडग्यातून कपाटाची किल्ली सोडवून माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, “मी नसलो तरी तुमचं काम अडायला नको. वापरताना बिघडलं तर दुरुस्त करू. न वापरता बिघडलं तर त्याची नोंदसुद्धा कुठे होत नाही.”

आपल्या दृष्टीने ही रोजची गोष्ट असेल, कारण सही करून आपण लगेच पोषण आहाराचा तांदूळ मोजायला निघून गेलात. मी बराच वेळ ती वही पाहत बसले होते. ज्या मुलीला आपण पुरते ओळखतही नव्हता, तिच्या हातून होऊ शकणाऱ्या नुकसानीवर आपण आधीच आपले नाव लिहून ठेवले होते. वस्तू देणारे पुष्कळ असतात. तिची जोखीम स्वतःकडे ठेवून देणारा माणूस मला पहिल्यांदा भेटला. त्या दुपारी मी पहिल्यांदा न घाबरता प्रोजेक्टरची वायर जोडली.

पुढे आपला तास पाहिला आणि उपकरण हाती असणे म्हणजे काय, ते ध्यानात आले. आपण सुरुवात पडद्याने केली नाहीत. गटागटाला सेल, टॉर्चचे बल्ब आणि वायरचे तुकडे दिलेत. कोणाची वायर नीट सोललेली नव्हती, कोणाचा सेल उतरलेला होता, बल्ब लागला की गटातून आरोळी उठत होती. हे सगळे होऊ दिल्यानंतर आपण अनुरूपण, म्हणजे पडद्यावर करून पाहता येणारा संगणकी प्रयोग, लावलेत आणि त्यात बल्बच्या आधी एक व नंतर एक असे धारा मोजणारे दोन ॲमीटर जोडलेत. स्विच दाबण्यापूर्वी मात्र प्रोजेक्टरच्या भिंगासमोर एक वही उभी धरलीत. पडदा काळा झाला. “आता वहीत लिहा. बल्बच्या पुढे गेल्यावर धारा कमी होईल, वाढेल की तेवढीच राहील? आणि का, तेही लिहा.” जवळजवळ सगळ्यांनी ‘कमी होईल’ असे लिहिले. मागच्या रांगेतली एक मुलगी उठून ठासून म्हणाली, “बल्बनं खाल्ली ना वीज, मग कमीच होणार!” आपण तिला चूक म्हणाला नाहीत. तिचे वाक्य जसेच्या तसे फळ्यावर लिहिलेत आणि मग वही बाजूला केलीत. दोन्ही ॲमीटरवर एकच आकडा होता.

त्यानंतर वर्गात जो गलका झाला, तो माझ्या आजवरच्या शिक्षणातला सर्वांत सुंदर आवाज होता. “मग बल्ब खातो तरी काय?” हा प्रश्न आपण विचारला नाहीत, त्याच मुलीने विचारला. प्रभार संपत नाहीत, ते परिपथात फिरत राहतात. बल्बमध्ये विद्युत ऊर्जेचे रूपांतर प्रकाशात आणि उष्णतेत होते, हे उत्तर मुलांनी वाद घालत घालत गाठले. इलेक्ट्रॉन कोणाच्या डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून तेवढ्यापुरता पडदा. तास संपल्यावर आपण मला म्हणालात, “हातानं होतं ते हातानं करायचं, फळ्यावर होतं ते फळ्यावर. दिसतच नाही तेवढं पडद्यावर.” अध्यापनशास्त्राच्या पुस्तकांत आशयज्ञान, अध्यापनज्ञान आणि तंत्रज्ञानाचे ज्ञान यांच्या मेळाची जी वर्तुळे मिश्रा आणि कोहलर या शिक्षणसंशोधकांच्या २००६ च्या मांडणीतून आली आहेत, ती मी परीक्षेत अनेकदा काढली आहेत. ती एकमेकांत कुठे मिळतात हे मला त्या काळ्या पडद्यासमोर दिसले.

ती अनुरूपणे फेट (PhET) या अशीच अनुरूपणे तयार करणाऱ्या प्रकल्पाची. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी कोलोरॅडो विद्यापीठात २००२ मध्ये तो सुरू केला. त्यातली कित्येक अनुरूपणे मराठीतही आहेत, फुकट आहेत आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात. आपण ती तालुक्याच्या गावी, घरी उतरवून पेनड्राइव्हमधून आणायचात. बालभारतीच्या पुस्तकांतल्या क्यूआर कोडमागची दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरची साधनेही अशीच आधी उतरवलेली असायची. वीज गेली तर लॅपटॉपची बॅटरी टिकेल तोवर तो गटागटाने फिरायचा, आणि तीही उतरली तर फळा होताच. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले सरांनी क्यूआर कोड पुस्तकांना जोडले आणि २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाल्यावर त्याची निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली, हे आपण मुलांना परिपाठात सांगितले होतेत. सांगताना आपला भर तंत्रावर नव्हता, वाटून देण्यावर होता, हे मी टिपून ठेवले आहे.

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मी स्वतः विद्यार्थिनी होते. घरात एकच फोन, तो वडिलांबरोबर कामावर जाई, आणि संध्याकाळी उघडलेल्या ध्वनिचित्रफितीत कोणीतरी स्लाइड वाचून दाखवत असे. तेव्हापासून पडदा म्हणजे एकतर्फी बोलणे, अशी माझी समजूत झाली होती. तंत्रज्ञान कोणाच्या अटींवर वापरायचे, हा प्रश्न युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालाने विचारला आहे. आपल्या वर्गात अट मुलांच्या अंदाजाची होती: त्यांनी आधी लिहायचे, मग पडद्याने बोलायचे.

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीही आपण असेच शांतपणे वागलात. आमच्या गटातील एका मित्राने चॅटजीपीटीकडून पाठाचे टाचण करून आणले, तेव्हा आपण त्याला रागावला नाहीत आणि कौतुकाने हुरळूनही गेला नाहीत. त्याला ते मोठ्याने वाचायला लावलेत. विद्युतधारेच्या औष्णिक परिणामासाठी त्यात केस वाळवण्याच्या यंत्राचे उदाहरण होते. “आपल्या वर्गातल्या किती जणांनी ते पाहिलं असेल?” एवढेच आपण विचारलेत, आणि पेन्सिलीने ते खोडून बाजूला लिहिलेत: ‘कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला खुराड्यात लावलेला पिवळा बल्ब’. दुसऱ्या दिवशी त्या एका उदाहरणावर अर्धा वर्ग बोलला. ठाकर आणि महादेव कोळी वस्त्यांमधून येणारी ही मुले काय पाहतात, काय हाताळतात, कोणते शब्द बोलतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या हातात कोणतेही यंत्र द्यावे, ते कामाला लागते.

सर, शिक्षणव्यवस्थेबद्दल तक्रारी करणे मलाही येते आणि वर मी त्या केल्या आहेत. पण व्यवस्थेतच, त्याच नियमांत, त्याच धास्तीत राहून एखादा माणूस सरळपणे वागतो, तेव्हा बाकीच्यांची सबब फार लहान वाटू लागते. आपल्याला कोणी वेगळा आदेश दिला नव्हता. प्रोजेक्टर गावाच्या लोकवर्गणीतून आलेला, लॅपटॉप जुना, आणि माणूसबळ इतरत्र असते तेवढेच. आपल्यासारखे वहीत सही करणारे हात गावोगावच्या शाळांत आहेत, त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही, आणि त्यांच्या जिवावर आमच्यासारख्यांची आंतरवासिता खऱ्या अर्थाने शिक्षण ठरते. त्या सर्वांना या पत्रातून माझा नमस्कार पोहोचावा.

आता एक विनंती. आठवीच्या विज्ञानातल्या ज्या घटकांना उपयोगी पडतील अशी अनुरूपणे मिळाली, ती मी उतरवून एका पेनड्राइव्हवर ठेवली आहेत. प्रत्येकाबरोबर एक पानी कृतिपत्रिका मराठीत केली आहे, तिच्यात वरच्या अर्ध्या भागात मुलांनी अंदाज आणि कारण लिहायचे आहे. यंदा आपल्या शाळेत येणाऱ्या छात्राध्यापकांना ती द्यावीत, असा विचार आहे. त्याआधी आपण त्या पत्रिका पेन्सिल घेऊन वाचाव्यात आणि आपल्या मुलांनी न पाहिलेली उदाहरणे खोडून काढावीत. पुढच्या शनिवारी सकाळची शाळा सुटण्याच्या वेळी मी घेऊन येते. आठवीच्या मुलांना माझी आठवण सांगावी.

आपली कृतज्ञ,
एक छात्राध्यापिका
(विज्ञान व गणित अध्यापन पद्धती)