आरिया

हर्णै

प्रिय बाळ्या,

दीड वर्षात तुला एक ओळ लिहिली नाही. शिव्या भेटीत घाल, आधी ऐक. माझी शुगर होती तिथेच आहे.

बाबा रात्री ओरडतात, "आरिया! आरिया!" पहिले आठ दिवस आम्ही झोपेतल्या आर्याला उचलून त्यांच्यापुढे उभी करत होतो. पणतीची ओढ लागली म्हणून ही डोळे पुसायची, पोर भोकाड पसरायची, बाबा आणखी भडकायचे. परवा माझ्या टाळक्यात उजेड पडला: आरिया म्हणजे जहाजावरचा हुकूम, खाली सोड! कॉटच्या पायथ्याला हँडल आहे ना, ते उलटं फिरवलं. उशाकडची बाजू खाली आली, आणि म्हातारा "बस" म्हणून घोरायला लागला. सकाळी "हबेस" म्हणाले की वर घ्यायचं. तू पहिल्याच रात्री ओळखलं असतंस. मी पडलो जहाजाच्या सलूनमधला वाढपी. "ताटल्या विसळणाऱ्याला डेक काय कळणार?" हे तुझं मस्कतचं बोलणं मी अजून विसरलेलो नाही.

इंग्रजांचंही असंच झालं होतं. डावीकडे लारबोर्ड, उजवीकडे स्टारबोर्ड. वाऱ्यात दोन्ही सारखंच ऐकू यायचं. शेवटी १८४४ मध्ये त्यांच्या आरमाराने लारबोर्डचं पोर्ट केलं. मी काय आता नातीचं नाव बदलू?

हिला ते भंडारी म्हणतात, म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी, नातवाला सुकाणी. मला टोपास, झाडूवाला. हस लेका.

धाकटा म्हणतो, ठाण्याला वृद्धाश्रमात ठेवू, चोवीस तास माणसं असतात. असतील रे. पण आरिया म्हटल्यावर हँडल कोण फिरवणार? झोपेची गोळी देऊन मोकळे होतील. शब्द कागदावर लिहून कॉटला लावावेत म्हणून बसलो, तर सहाच्या पुढे गाडी सरकेना. नातवाने मोबाइलवर शोधून दाखवलं, १८११ मध्ये कलकत्त्यात थॉमस रोबक नावाच्या साहेबाने या खलाशी बोलीचा कोशच छापला होता, गोऱ्या अधिकाऱ्यांना हुकूम सोडता यावेत म्हणून. साहेब शिकला, आणि मी सारंगाचा, खलाशांच्या मुकादमाचा पोरगा असून कोरडा.

त्यात बाबा आता स्टीमरच्याही मागे गेलेत, आजोबांच्या गलबतावर. त्रिकट म्हणजे पुढची डोलकाठी, हे आठवलं. पण काल दुपारभर चादरीचं टोक माझ्या हातात देऊन "दामन, दामन" चाललं होतं. शिडाच्या टोकाची दोरी ना ती? ओढायची की सैल सोडायची? मी नुसता धरून बसलो.

तुझ्या गुडघ्याचं कळलं. पोरगा दोह्याहून आला का? वहिनींना नमस्कार.

धाकटा गणपतीत येतोय, तेव्हाच काय ते ठरेल. तू दोन दिवस आधी ये. सुके बांगडे आणू नकोस. बाबांची शिटी आण. तुझ्याकडेच आहे ती, नाही म्हणू नकोस.

तुझा,
टोपास