काका, तुमच्या ओपेकच्या बाटलीबद्दल

काका,

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा घे" म्हणून विषयच बदलता. दोनदा झालं असं. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितेय. आता कुठं पळाल?

एप्रिलात मी नागपूरच्या इतवारीतल्या तुमच्या बोळात, स्क्रीन प्रिंटिंगच्या दुकानात आले, तेव्हा बगलेत गुंडाळलेल्या तीन फिल्म होत्या, म्हणजे चित्र काढलेले पारदर्शक कागद, आणि तिन्ही वाया गेलेल्या. मला मारबतीचं, त्या इडापीडेच्या पुतळ्याचं, चित्र स्क्रीननं, म्हणजे चौकटीवर ताणलेल्या जाळीतून रंग पाडून, छापायचं होतं. मिरवणूक नको होती, ती सगळेच काढतात. मला शेवटचा धूर हवा होता. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत आख्खं गाव रस्त्यावर उतरतं आणि शेवटी ती जळते. त्या जळण्याचा धूर. तो रेघांनी येत नाही, ठिपक्यांनी खोटा वाटतो. पाण्यात सोडलेल्या शाईनंच यायला हवा, असं मी मनाशी धरून बसले होते.

पहिली फिल्म मी फाउंटन पेनाच्या शाईनं केली होती. काचेवर धरली तर काय सुंदर करडा उतरला होता! इमल्शन, म्हणजे उजेडानं कडक होणारा थर, लावलेल्या जाळीवर ती ठेवून उजेड दिला, म्हणजे एक्स्पोज केलं, आणि स्क्रीन धुतली; शाईखालचं इमल्शन निघायला हवं होतं, तर ते जागचं हललं नाही. सगळा धूर गायब. तुम्ही फिल्म खिडकीसमोर धरली, नाक मुरडलं आणि म्हणालात, "डोळ्याले काळं दिसते म्हणून उजेडाले काळं होत नाही ना, पोरी." मग खणातून जुनी लाल फिल्म काढलीत, लग्नपत्रिकांसाठी ब्लेडनं कापायचात ती. तिच्यातून मला समोरचं दुकान स्वच्छ दिसत होतं. "इमल्शनले हे पार काळंकुट्ट वाटते." इमल्शन जांभळ्याच्या पलीकडच्या उजेडानं कडक होतं आणि लाल फिल्म नेमका तोच अडवते, तर माझी पातळ शाई तोच सोडते. चार महिने मी चुकीच्या डोळ्यांनी बघत होते, ते तुम्ही चार वाक्यांत सांगितलंत.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. स्क्रीनला करडा रंग कळतच नाही. जाळीचं भोक एक तर उघडं, नाही तर बंद. म्हणजे फिल्मवरचा करडा हा पातळ केलेला काळा असून चालत नाही. तो बारीक बारीक काळ्या कणांचा, मधे मोकळी जागा सोडलेला असावा लागतो. ऐकताना मी मान डोलावली. कळलं मात्र तुम्ही ती बाटली काढलीत तेव्हा.

कॅमेरा आणि निगेटिव्हच्या दिवसांतलं काळं ओपेक, उजेड अजिबात न सोडणारा रंग. निगेटिव्हवरची टाचणीएवढी भोकं बुजवायला ब्रशच्या टोकानं लावायचात ते. तुम्ही बशीत थेंबभर घेतलं, बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड पाणी ओतलं आणि दाणेदार ड्राफ्टिंग फिल्मच्या खरबरीत बाजूवर एक थारोळं सोडून दिलंत. ब्रश बाजूला. "आता हात लावू नको." पाणी कडेनं आटत गेलं तसे काळे कण फिल्मच्या खळग्यांत बसत गेले; काही ठिकाणी गर्दी, काही ठिकाणी दोन-चारच. सुकल्यावर भिंग दिलंत. आत करडं काहीच नव्हतं, नुसते काळे कण आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या वाकड्या वाटा. दगडावर लिथो करणारे, म्हणजे दगडावर चित्र काढून छापणारे, फ्रेंच लोक या पोताला भेकाची, खरबरीत बेडकाची, कातडी म्हणतात, हे मी तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "बरोबरच हाय त्यायचं."

तेवढ्यानं जमलं असतं तर बरं झालं असतं. घरी माझं थारोळं आकसून थेंब थेंब झालं, कारण फिल्मवर माझ्याच बोटांचं तेल होतं. स्पिरिटनं पुसायचं, कडा धरूनच उचलायची, पाण्यात भांड्याच्या साबणाचा एकच थेंब, हे सगळं तुम्ही फोनवर सांगितलंत, दुकानात गिऱ्हाईक उभं असताना. मग मे उजाडला. दुपारी पाणी इतकं झपाट्यानं आटायचं की कडेला नुसती काळी रेघ उरायची. कूलर लावला तर वारा थारोळं ढकलायचा. शेवटी पहाटे पाचला, कूलर बंद, फिल्म जाड काचेवर, आणि काच सपाट आहे का ते तुमच्या सांगण्यावरून गोटी ठेवून बघितलेलं. गोटी स्वयंपाकघराकडे पळाली, तेव्हा कळलं आमच्या घराची फरशी कुठे खचलीय.

एक्स्पोजला तुम्ही पुठ्ठा मिनिटामिनिटानं सरकवत पट्ट्या काढायला लावल्या. कमी उजेडात इमल्शनच वाहून गेलं, जास्तीत बारीक कण मेले. पाचव्या पट्टीत धूर आला. शाईची बाजू इमल्शनला चिकटूनच हवी, नाही तर फिल्मच्या जाडीतून उजेड कणांखाली शिरतो. फिल्म पालथी ठेवल्यावर छाप सुलटा येतो, हे मला कागदाचा तुकडा उलटसुलट करून पाहिल्याशिवाय पटलं नाही. तुम्ही तेवढा वेळ थांबलात. खडबडीत जाळीवर अर्धे कण हरवत होते, म्हणून तुम्ही स्वतःची १२० ची, बारीक जाळीची स्क्रीन दिलीत. तिच्यावर आदल्या दिवशी कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका होती.

आता त्या डागाबद्दल. ओपेक सुकलं तरी पाण्यानं परत विरघळतं, हे मला कपाळावरून घामाचा थेंब फिल्मवर पडला तेव्हा कळलं. धुराच्या मधोमध एक गोल पांढरं भोक, भोवती काळी कड. तुम्ही लगेच ब्रश घेतलात बुजवायला. मी हात धरला. पिवळ्या सपाट रंगावर काळा छापला, तेव्हा त्या भोकातून पिवळी मारबत डोकावली. मला ते आवडलं. तुमच्या मते तो दोष आहे, आणि पंधराव्या प्रतीपर्यंत तुम्ही ते प्रत्येक प्रतीला बोलून दाखवलंत.

तिसरी प्रत तुमची आहे, आणलीय. बाटलीच्या तळाशी बोटभर ओपेक उरलंय, तेही परत आणतेय. डाग बुजवायला वापरू नका.

तुमची,
मारबतवाली