मित्रास पत्र: डिलीट चालू असताना समोर कोणी नसतं

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तू बनवत असलेल्या फाइल मॅनेजरबद्दल विचारलंस, की कोणी लाखभर फाइली डिलीटला लावून निघून गेलं आणि मध्येच एखादी हटेना, तर प्रोग्रामने काय करावं? फोनवर हे तुटक झालं असतं, म्हणून सविस्तर लिहितो. या बाबतीत माझं मत ठाम आहे.

थांबू नये. 'पुन्हा प्रयत्न करू, वगळू की रद्द करू' अशी खिडकी उघडून एका फाइलपायी रात्रभर ताटकळणारा प्रोग्राम मला सहन होत नाही. समोर माणूसच नाही, तर विचारतोस कोणाला? मात्र सगळे एरर गिळून 'काम पूर्ण' म्हणणारा त्याहून वाईट. अडलेली फाइल बाजूला ठेव, तिचा पूर्ण पाथ (फोल्डरांसकट पत्ता) आणि एररचा क्रमांक लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलीत, लिही आणि पुढे चल. लिनक्सची फाइली हटवणारी आरएम (rm) कमांड असंच वागते. एखादी फाइल हटली नाही तरी ती बाकीच्या हटवते आणि शेवटी एक्झिट कोड, म्हणजे काम कसं झालं ते सांगणारा आकडा, शून्याऐवजी 1 देते. त्यामुळे तिला चालवणाऱ्या स्क्रिप्टला कळतं की काहीतरी मागे राहिलंय.

खरी मेहनत पुढेच आहे, कारण सगळे एरर एका जातीचे नसतात. विंडोजवर एरर 32 आला तर फाइल दुसऱ्या प्रोग्रामने धरून ठेवलेली असते. अँटिव्हायरस तपासत असेल तर क्षणात सोडेलही. अशा फाइली शेवटी परत करून बघायच्या, तोवर बरेचदा वाट मोकळी झालेली असते. एरर 5 म्हणजे परवानगी नाही किंवा फाइल रीड-ओन्ली आहे. तिथे तेच तेच करून काही होत नाही. रीड-ओन्ली खूण प्रोग्राम स्वतः काढू शकतो, पण काढू का, हे काम सुरू होण्याआधी विचारून घे, माणूस समोर असतो तेव्हाच. एरर 2 म्हणजे फाइल सापडत नाही. आपल्याला ती नकोच होती, तेव्हा हे यश धर, पण मूळ फोल्डर जागेवर आहे ना ते बघूनच. नेटवर्क ड्राइव्ह तुटला किंवा बाहेरची डिस्क निघाली तर प्रत्येक फाइल 'नाही' झालेली दिसू शकते. मूळ फोल्डरच दिसेनासा झाला, तर मात्र थांबायचं.

पुन्हा प्रयत्नांना मर्यादा ठेव. विंडोजची रोबोकॉपी, फाइली कॉपी करणारी कमांड, काही सांगितलं नाही तर अडलेल्या फाइलसाठी 10 लाख वेळा प्रयत्न करते आणि प्रत्येक वेळी 30 सेकंद थांबते. हिशेब कर, एकाच फाइलपायी साडेअकरा महिने होतात! दोन-तीन फेऱ्या पुरेत.

रिपोर्टकडे सगळ्यात जास्त लक्ष दे, कारण सकाळी माणूस वाचणार तो रिपोर्टच. सहा फोल्डर आत एक फाइल अडली की तिच्या वरचे सहाही फोल्डर 'रिकामा नाही' असा एरर देतात. कारण एक आणि ओळी सात. फक्त ती फाइल दाखव. लिनक्सवर उलटा प्रकार होतो. तिथे फाइल हटवायची परवानगी साधारणपणे फाइलवर नसून ती ज्या फोल्डरात आहे त्यावर अवलंबून असते. एका फोल्डरची लिहिण्याची परवानगी नसेल तर आतली एकही फाइल जात नाही. तिथे हजार ओळी न छापता फोल्डरचं नाव सांग आणि पुढे आकडा दे. शिवाय लिनक्सवर उघडी फाइलसुद्धा विनातक्रार डिलीट होते, पण ती धरून बसलेला प्रोग्राम बंद होईपर्यंत जागा सुटत नाही. म्हणून 'इतकी जागा मोकळी झाली' हा आकडा फाइलींच्या बेरजेवरून छापू नकोस, डिस्कलाच विचार.

आता ज्यावर मी अजिबात तडजोड करणार नाही ते. माणसाच्या वतीने 'होय' म्हणायचं नाही. नेटवर्क ड्राइव्हवरच्या फाइली विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये जात नाहीत, फार मोठ्या फाइली मावत नाहीत, मग 'कायमची काढू का?' असा प्रश्न येतो. 'सगळ्या वगळा' हे उत्तर आधीपासून ठरवलेलं चालेल, 'सगळ्यांना होय' चालणार नाही. शंका आली की फाइल राहिली पाहिजे. दुसरीकडे नेणारी लिंक भेटली तर फक्त लिंक काढ, तिच्या आत शिरू नकोस.

2015 च्या जानेवारीत लिनक्सवरच्या स्टीमच्या (व्हिडिओ गेम विकत घेऊन खेळायच्या प्रोग्रामच्या) स्क्रिप्टमधला दोष समोर आला होता, आठवतो? स्क्रिप्ट स्वतःच्या फोल्डरचा पाथ शोधून व्हेरिएबलमध्ये ठेवत होती. शोध फसला की व्हेरिएबल रिकामं राही, ते कोणी तपासत नव्हतं, आणि पुढच्या ओळीतल्या डिलीटचा अर्थ 'रूटखालचं सगळं', म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरातलं (/) सगळं, असा होई. आरएम रूट हटवायला नकार देते खरी, पण इथे स्लॅशपुढे चांदणी (*) होती. शेल, म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, तिच्या जागी आतल्या फोल्डरांची नावं घालून देतं, त्यामुळे तो नकार लागूच झाला नाही. माणसांच्या स्वतःच्या फाइली गेल्या. हे वाचून मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं, आजही वाटतं. पाथ रिकामा नाही ना, एवढी एक तपासणी हवी होती. तुझ्या कोडमध्ये ती पहिल्या फाइलला हात लावण्याआधी कर.

चाचणीसाठी एक फोल्डर मुद्दाम बिघडवून ठेव. त्यात एक उघडी फाइल, एक रीड-ओन्ली, एक 260 अक्षरांहून (विंडोजची नेहमीची मर्यादा) लांब पाथची, एक बाहेर नेणारी लिंक असू दे. दुसरा फोल्डर पेन ड्राइव्हवर ठेव आणि काम अर्ध्यावर असताना तो खेचून काढ. दोन्ही वेळचा लॉग मला जसाच्या तसा पाठव, वाचून कळवतो.

तुझाच,
मित्र