काका, तुम्ही आकडा मोठ्यानं वाचला नाहीत

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव इथं लिहीत नाही आणि माझंही लिहीत नाही. का ते पुढं येईलच. पण हे पत्र वाचलं की तुम्हाला पहिल्या चार ओळींतच कळेल, तुमच्या पत्र्याच्या खोलीत निळी फाइल घेऊन आलेली मास्तरीण कोण ते.

माझं आयकराचं रिटर्न तुमच्या हातून भरून झालं, पैसे भरून झाले, पोचपावती आली. खरं तर विषय संपला. पण माझ्या मनातून तो जात नाही, म्हणून लिहायला बसले.

२०२४-२५ हे वर्ष आमच्या घरावरून कसं गेलं ते माझं मला माहीत. बाबांचं डायलिसिस सुरू झालं. डायलिसिस योजनेतून होतं, पण गाडीभाडं, इंजेक्शनं, वरचं औषधपाणी योजनेत बसत नाही. भावाचं सोयाबीन घरात आलं तेव्हा हमीभाव होता ४,८९२ रुपये आणि बाजारात भाव त्याच्या बराच खाली. तो तरी कुठून आणणार? सकाळचं ज्युनिअर कॉलेज मी करतच होते, दुपारनंतर लातूरच्याच एका क्लासला नीटच्या पोरांना बायोलॉजी शिकवायला लागले. दोन्हीकडं पगार, दोन्ही बँकेत, दोन्हीकडं एकच पॅन नंबर दिलेला. लपवलेलं काहीच नाही.

कॉलेजच्या हिशेबवाल्यांना मी स्वतः जाऊन विचारलं होतं. म्हणाले, "मॅडम, तुमचा टॅक्स शून्य, निवांत राहा." क्लासच्या ऑफिसात विचारलं, तिथंही शून्य. दोघांपैकी एकानंही "दुसरीकडं किती मिळतात?" एवढं विचारलं नाही. एक प्रश्न होता फक्त. विचारला असता तर माझा उन्हाळा वेगळा गेला असता.

मग मी लातुरातल्या एका सल्लागाराकडं गेले. नाव सांगत नाही, पाटी मोठी आहे. समोर माझ्याच बॅचच्या दोन मुलांचे पालक बसलेले. त्यांनी माझे दोन्ही कागद हातात धरले, दोन्ही आकडे मोठ्यानं वाचले, बेरीज केली आणि हसत म्हणाले, "दोन-दोन पगार घेता मॅडम, मग भरा की आता!" आणि पालक खाली उतरल्यावर, आवाज बारीक करून, "नाहीतर एक पगार दाखवूच नका. कोण बघतंय?" चुकीचा सल्ला तेवढा हळू आवाजात. मी कागद उचलले आणि जिना उतरले. त्या रात्री जेवण गेलं नाही. पैशापेक्षा त्या हसण्यानं.

तुमच्याकडं आले ती कुणीतरी सुचवलं म्हणून. लातूरहून एसटी, पुढं काळीपिवळी. खोलीत पंखा, लाकडी बाक आणि बाकावर पाच-सहा माणसं. त्यात माझ्या सासरकडचे एक पाहुणे. त्यांना बघून माझे पायच थांबले. दुसऱ्या पगारातला बराचसा पैसा माहेरी जातो. माझ्या नवऱ्याला ते माहीत आहे, त्यांनीच मला दुसरी नोकरी धर म्हणून बळ दिलं. पण पाहुण्यांच्या कानावर आकडा गेला असता तर तो पुढच्या लग्नसराईत मांडवामांडवांत फिरला असता. लेकीनं माहेरी पैसे दिले की आपल्याकडं काय बोलतात, हे मी सांगायला नको.

तुम्ही मला "बस, बाळ" म्हणालात. फाइल उघडलीत, दोन्ही कागद वाचलेत. तुमच्या तोंडाकडं सगळा बाक बघत होता. आणि तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. कॅलेंडरचा जुना कागद उलटा केलात, पेन्सिलीनं आकडे लिहिलेत, कागद माझ्याकडं फिरवलात आणि पेन्सिलीचं टोक बेरजेखाली ठेवलंत. मी वाचलं, मान हलवली. मग तो कागद तुम्ही माझ्या फाइलीत घातलात आणि फाइल मिटलीत. पाहुणे अजून बघतच होते.

काका, एवढंच. ह्या एवढ्यासाठी मी हे पत्र लिहितेय.

त्यानंतर समजावून सांगायची वेळ आली तेव्हाही तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत. "समजा एक बाई आहे," असं म्हणालात, गोल आकडे घेतलेत आणि खुशाल मोठ्यानं बोललात. मग बाकावरचे सगळेच ऐकायला लागले. ते गोल आकडे मला पाठ आहेत. समजा एका ठिकाणी वर्षाला ५,४०,००० आणि दुसरीकडं ३,६०,०००. पहिला मालक आपल्यापुरतं बघतो: ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली, राहिले ४,६५,०००. ७ लाखांच्या आत, म्हणून रिबेट, म्हणजे करात पूर्ण सूट, कर शून्य. दुसराही आपल्यापुरतं बघतो: वजावट जाऊन २,८५,०००. ३ लाखांच्या आतच, कर शून्य. पण माणूस एक, पॅन एक. बेरीज ९ लाख, वजावट एकदाच, राहिले ८,२५,०००. ७ लाख ओलांडले की रिबेट गेला. नव्या करप्रणालीत त्या वर्षाच्या दरानं ३२,५०० आणि त्यावर ४ टक्के सेस, एकूण ३३,८००.

"एकाच रेशनकार्डावर दोन दुकानांनी धान्य दिलं. दुकानदारांना एकमेकांचं माहीत नाही. वसुली मात्र कार्डवाल्याच्या घरी येते," असं म्हणालात तुम्ही. बाकावरचे सगळे हसले आणि सगळ्यांना समजलंही. मलाही. लातुरातल्या हसण्याला मी घाबरले होते, ह्या हसण्यात मीही होते.

वरचं व्याजही तुम्ही फोडून सांगितलंत. कापून गेल्यावर १०,००० किंवा त्याहून जास्त कर उरत असेल तर तो वर्ष चालू असतानाच आगाऊ भरायचा असतो: १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. नाही भरला तर महिन्याला एक टक्का, आणि हप्ते चुकल्याचं आणखी वेगळं. "आज भरलंस तर इथं थांबेल." बाकी ते पोर्टल, चलान, ओटीपी, सगळं तुम्ही केलंत. त्यातलं मला निम्मं कळलं नाही आणि कळायची गरजही नव्हती.

आणि दुसरा पगार दाखवू नका म्हणणाऱ्याचं मी सांगितलं तेव्हा तुमचा चेहरा पहिल्यांदा कडक झाला. तुम्ही त्यांना नावं ठेवली नाहीत. एवढंच म्हणालात, "पॅन दोन्हीकडं तोच आहे बाळ. आज ना उद्या दोन्ही पगार एका पानावर येतातच. आणि तू चोरी केली नाहीस, दुप्पट काम केलंयस. मग लपवायचं कशाला?" आयकर खात्याकडं आपल्या पॅनवर जमा होणारी वार्षिक माहिती, एआयएस, तुम्ही लगेच उघडून दाखवलीत. खरोखरच दोन्ही नावं एकाखाली एक होती.

फी तुम्ही घेतलीत, पावती दिलीत. मला ते फार बरं वाटलं. फुकट केलं असतंत तर पुढच्या वेळी यायला संकोच वाटला असता.

मी अलीकडं बँकेत, दवाखान्यात बसले की लोकांचे आवाज ऐकते. निराधारचे पैसे आलेत का विचारायला आलेल्या म्हातारीला काउंटरवरून ओरडून सांगतात, "मावशे, खात्यात काय बी नाही!" ती पदर सावरत बाहेर पडते आणि सगळी रांग तिच्याकडं बघते. पेशंटचा आजार पॅसेजभर ऐकू जातो. मुलाची फी थकली की वर्गात उभं करून सांगतात, हे तर मी माझ्या पेशात बघितलंय. ह्यातलं कुणी दुष्ट नाही. कामाच्या घाईत समोरच्याला अब्रू आहे हे ध्यानातून जातं. तुमच्या टेबलावर तर आमच्या दुप्पट घाई होती, ऑगस्ट महिना होता, लाइट जाऊन-येऊन होती. तरी तुमच्या ध्यानातून गेलं नाही. हे कुठल्या परीक्षेत शिकवत नाहीत, काका. ते तुमच्या घरातून आलंय, तुमच्या आईवडिलांचं आहे ते. त्यांनाही माझा नमस्कार सांगा, असतील तिथं.

तुम्ही सांगितल्याप्रमाणं ह्या वर्षी क्लासच्या ऑफिसला कॉलेजच्या पगाराचं लेखी दिलं, फॉर्म १२ब भरून. दोन्ही मिळून किती कापायचं ते आता एकच ऑफिस बघेल. २०२५-२६ पासून रिबेटची मर्यादा १२ लाखांवर गेल्यामुळं तुमच्या त्या "समजा एक बाई"ला तर काहीच भरावं लागणार नाही. तरी लेखी दे म्हणालात, दिलं. हिशेबवाल्यांनी फॉर्म उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, हा आम्हाला कुणी देतच नाही. मी म्हटलं, आता देतील.

कारण आमच्या स्टाफरूममध्ये दोन पगारवाली मी एकटी नाही. एक फिजिक्सचे सर आहेत आणि एक मॅडम संध्याकाळी हॉस्पिटलात हिशेब लिहितात. दोघांनाही मागच्या वर्षी शून्यच सांगितलं होतं. त्यांना तुमचा पत्ता दिलाय. दिवाळीनंतर येतील. मॅडमचं जरा कागदावरच दाखवा, त्यांच्या घरीही माझ्यासारखंच आहे.

तब्येतीला जपा.

आपली कृतज्ञ,
लातूरची एक शिक्षिका