सर्जिकलच्या दुकानातल्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. उजवा गुडघा धरून पायरीवरच थबकलेली नऊवारीतली मावशी, म्हणजे माझी आई, आणि तिच्यासोबतची मी, आठवतंय का?

आईकडे काठी आधीपासून होती. ज्या दुकानातून घेतली तिथल्या माणसाने मोबाइलमधून मान वर न काढता एक काठी पुढे सरकवली होती. पैसे तेवढे मोजून घेतले. ती इतकी उंच, की टेकली की आईचा खांदा कानाला भिडायचा. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘काठी वापरा’ खरडलं. कुठल्या हातात, हे सांगायला त्यांना सवड कुठली! दुखतो उजवा पाय, म्हणून काठीही उजव्याच हातात.

तुम्ही आईला म्हणालात, “मावशी, चपला घाला, चपलेसकट उंची बघू.” चपला दाराबाहेर होत्या. ती उठायच्या आत तुम्ही त्या हातात घेऊन आलात आणि तिच्या पायांशी ठेवल्यात. आई कळवळली, “अहो, चपलांना हात नका लावू, मला पाप लागेल!” तर तुम्ही म्हणालात, “पाप कसलं? उंची चुकली तर कंबर धरेल.” आई गेले कित्येक महिने अशी खळखळून हसली नव्हती.

मग हात सैल सोडायला लावून काठीची मूठ मनगटाच्या घडीशी आणलीत, काठी डाव्या हातात दिलीत. दुखऱ्या पायासोबत काठी पुढे, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. हे सगळं तिलाच सांगितलंत. एरवी दवाखान्यात, बँकेत लोक तिच्यादेखत तिच्याबद्दल माझ्याशी बोलतात, जणू ती दप्तर आहे. आता जिन्यावर ती पुटपुटत चढते, “चांगला आधी, चांगला आधी.”

तुम्ही एक रुपयाही कमी केला नाहीत, ते मला फार आवडलं. फुकट वाटून फोटो काढणारे ढिगाने भेटतात. रास्त पैसे घेऊन काम मनापासून करणारा माणूस मला त्यांच्यापेक्षा मोठा वाटतो.

आईचा निरोप: खालचं रबर घासलं की बदलायला ती एकटी येणार आहे, एसटीने. दुपारी दुकान किती वाजता उघडता, तेवढं कळवा. आणि चपला ती आतच घालून येणार म्हणते.