आरोपपत्रातच घोळ

कामगाराला गैरवर्तनावरून काढल्यावर प्रकरण न्यायालयात टिकत नाही, तेव्हा मालक कायद्याला दोष देतात. खरा घोळ बहुतेक वेळा, काढण्याआधी मालकानेच करायच्या अंतर्गत चौकशीसाठी कामगाराला दिलेल्या आरोपपत्रात असतो. 'आपण वरिष्ठांशी उद्धट वर्तन केले' या वाक्याला कामगाराने उत्तर तरी काय द्यायचे? 'दि. 12 रोजी रात्री 2.10 वाजता पॅकिंग विभागात, पर्यवेक्षकाने यंत्र सुरू करण्यास सांगितले असता आपण नकार देऊन त्यांना ढकलले' असे लिहावे. तारीख, वेळ, जागा, प्रत्यक्ष कृती आणि सेवानियमातले नेमके कलम, सगळे त्यात हवे. ज्या कागदांवर भिस्त आहे त्यांच्या प्रती सोबतच द्याव्यात. ऐन सुनावणीत खिशातून काढलेले पत्र मालकाच्याच अंगाशी येते.

दुसरी चूक त्याहून ढोबळ. ज्या व्यवस्थापकाने तक्रार केली तोच चौकशी अधिकारी, किंवा त्याच्या हाताखालचा कुणी! साक्षीदाराची उलटतपासणी कामगाराला घेऊ द्यायलाच हवी. चौकशीच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीच्या प्रत्येक पानावर हजर असलेल्या सर्वांच्या सह्या घ्याव्यात; कुणी नकार दिल्यास तशी नोंद करावी. कामगार आलाच नाही, तर नोटीस पोहोचल्याची पोच फाइलला लावून मगच एकतर्फी चौकशी सुरू करावी.

मागच्या ताकिदींचा आधार घेऊन शिक्षा वाढवायची असेल, तर त्यांचा उल्लेख आधीच करून कामगाराला खुलाशाची संधी द्यावी. आणि चौकशी संपण्याआधीच बडतर्फीच्या पत्राचा मसुदा तयार करून ठेवू नये. संगणकात त्याची तारीख राहते.

– एक वाचक